उपन्यास म्हणजे व्याख्यान, उचित म्हणजे विनामूल्य

विद्यापीठांच्या आवारात येत्या हिवाळ्यात होणाऱ्या व्याख्यानांविषयी, गाण्या-नाटकांच्या कार्यक्रमांविषयी आणि प्रदर्शनांविषयी वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात या सदरातून केले होते. उचगाव, निपाणी, खानापूर, येळ्ळूर आणि बेळगाव शहरातून पत्रे आली. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : कार्यक्रम होतात हे कानावर येते, पण ते आपल्यासाठी आहेत असे वाटत नाही. मी नोकरीची सगळी वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. अभ्यासू वक्त्यांनी महिनोन्‌महिने तयारी करून दिलेली व्याख्याने पुढच्या दोन रांगांसमोर होऊन जाताना मी पाहिली आहेत, आणि त्याच विषयाची आस असलेली माणसे दहा मैलांवर आपल्या गावी बसलेली असतात हेही मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी उत्तरे थोडी विस्ताराने देत आहे.

प्रश्न : मी बेळगावात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमच्या सूचनाफलकावर विद्यापीठातील कार्यक्रमांच्या पत्रिका लागतात, पण त्या बहुधा कन्नडमध्ये असतात. शाळेत शिकल्यामुळे मला कन्नड अक्षरे वाचता येतात, अर्थ मात्र लागत नाही. एकदा ‘विशेष उपन्यास’ असे वाचून मला वाटले की एखाद्या कादंबरीचे प्रकाशन असेल. ते व्याख्यान होते, आणि तेही माझ्याच विषयावरचे, हे मैत्रिणीकडून कळले तेव्हा ते होऊन गेले होते. पत्रिका समजून घेण्याची सुरुवात कोठून करावी? (एक विद्यार्थिनी, उचगाव)

उत्तर : तुमची सुरुवात झालेलीच आहे, कारण अक्षरओळख हा यातला अवघड भाग होता आणि तो तुम्ही शाळेतच पार केला आहे. पत्रिकेवरचे शब्द बहुतेक संस्कृतातून आलेले असतात, त्यामुळे ते आपल्याला ओळखीचे वाटतात. फसगत होते ती नेमकी या ओळखीमुळे. ‘उपन्यास’ हा शब्द हिंदीत कादंबरीसाठी वापरतात आणि हिंदी आपल्या कानांवर सतत पडत असल्यामुळे तोच अर्थ आधी सुचतो. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान आणि उपन्यासक म्हणजे अधिव्याख्याता. कादंबरीला मात्र कन्नडमध्येही कादंबरीच म्हणतात. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव या साहित्यप्रकाराला देणाऱ्या भाषांत मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी उभ्या आहेत, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

दुसरा शब्द ‘उचित’. पत्रिकेच्या तळाशी ‘प्रवेश उचित’ असे असते. मराठीत उचित म्हणजे योग्य, त्यामुळे ‘योग्य व्यक्तींनाच प्रवेश’ असा काहीसा अर्थ कोणी लावला तर नवल नाही. कन्नडमध्ये उचित म्हणजे विनामूल्य. हे दोन शब्द पत्रिकेवर दिसले आणि त्यांच्या जोडीला ‘सर्वरिगू स्वागत’, म्हणजे सर्वांचे स्वागत, असेही असले, तर कोणाला काही विचारण्याची गरजच नाही. सरळ जावे.

‘प्रदर्शन’ या शब्दाकडेही नीट पाहावे लागते. ‘चित्रकला प्रदर्शन’ किंवा ‘छायाचित्र प्रदर्शन’ म्हणजे आपण समजतो तेच, पण ‘नाटक प्रदर्शन’ म्हणजे नाटकाचा प्रयोग. ‘विचार संकिरण’ म्हणजे चर्चासत्र, ‘कार्यागार’ म्हणजे कार्यशाळा, ‘घटिकोत्सव’ म्हणजे पदवीदान समारंभ, ‘सभांगण’ म्हणजे सभागृह आणि ‘आवरण’ म्हणजे विद्यापीठाचा परिसर. वेळेच्या ओळीत ‘बेळिग्गे’ म्हणजे सकाळी आणि ‘संजे’ म्हणजे संध्याकाळी. आपल्या ‘सांज’शी त्याचे नाते उच्चारातच कळते. ‘गंटे’ म्हणजे वाजता. ‘भानुवार’ म्हणजे रविवार. आपल्या भागात ‘रविवार’ असेही लिहितात. ‘मुंदूडलागिदे’ असा लांबलचक शब्द पत्रिकेवर नव्याने चिकटवलेला दिसला, तर कार्यक्रम पुढे ढकलला आहे असे समजावे, म्हणजे फुकटचा हेलपाटा वाचतो. मान्यवरांच्या नावांच्या यादीत ‘कुलपती’ हा शब्द अनेक पत्रिकांवर कुलगुरूंसाठी आलेला असतो, तर मराठीत आपण विद्यापीठाच्या सर्वोच्च पदाला, म्हणजे राज्यपालांना, कुलपती म्हणतो. प्रवासाच्या दृष्टीने याने काही अडत नाही, पण अहवाल लिहायचा झाल्यास चूक होते.

एक शब्द मात्र वहीत ठळक लिहून ठेवा : ‘दत्ती उपन्यास’. कोणीतरी आपल्या आईवडिलांच्या किंवा गुरुजनांच्या स्मरणार्थ विद्यापीठाकडे ठेव ठेवलेली असते आणि तिच्या व्याजातून ठरलेल्या विषयावर व्याख्यान होते. असे व्याख्यान साधारणपणे दरवर्षी व्हायचे असते, म्हणून यंदा हुकले तरी पुढच्या वर्षी त्याची वाट पाहता येते. शिवाय वक्ताही बहुधा निवडून बोलावलेला असतो.

व्याख्यान कन्नडमध्ये असेल तर समजेल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. पहिल्या वेळी निम्मे समजेल. विषय तुमचाच असल्यामुळे संज्ञा ओळखीच्या असतील, वाक्यांची जोडणी तेवढी निसटेल. तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानाला तीही पकडीत येऊ लागते. ज्यांची मातृभाषा मराठी होती त्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नड काव्याला 1973 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून दिला, आणि जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत होते. या मुलखात एका माणसाने तीन भाषांत वावरणे ही जुनीच रीत आहे. तुम्हालाही ती परकी वाटू नये.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. कार्यक्रमांची बातमी वृत्तपत्रात येते ती कार्यक्रम झाल्यानंतर, छायाचित्रासह. ती आधी कळावी यासाठी काय करावे? वर्षाच्या कोणत्या काळात लक्ष ठेवावे? निपाणीहून बेळगाव गाठणे या वयात वारंवार जमत नाही, म्हणून नेमके विचारतो. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : गुरुजी, आपली अडचण खरी आहे. कार्यक्रमाची आगाऊ सूचना देण्यापेक्षा झालेल्या कार्यक्रमाचा वृत्तान्त छापून आणण्याकडे संयोजकांचे अधिक लक्ष असते, आणि हे बदलावे असे मलाही मनापासून वाटते. तोवर आपण दुसऱ्या बाजूने जाऊ. विद्यापीठांचे बरेच कार्यक्रम ठरलेल्या दिनविशेषांना धरून होतात. त्यामुळे पत्रिका हाती येण्याआधीच अदमास बांधता येतो.

राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली स्थापन झाले. त्यापूर्वी 1982 पासून ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. त्याचा भुतरामहट्टी येथील परिसर महामार्गालगत, बेळगावच्या अलीकडे सुमारे 18 ते 20 किलोमीटरवर आहे, म्हणजे निपाणीहून येताना आपल्याला शहरात शिरावेच लागत नाही. थांबा न घेणारी जलद गाडी टाळावी आणि गाडीत चढतानाच वाहकाला विचारून घ्यावे, इतकीच काळजी पुरे. तेथे मराठी विभाग आहे, त्यामुळे 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या मागेपुढे त्या विभागाकडे चौकशी करणे सर्वांत फलदायी ठरते. त्याच्या आधी, 21 फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन असतो, आणि गौरव दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 मध्ये लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ तो पाळतात आणि विज्ञान विभागांची प्रदर्शने बहुधा त्याच सुमारास भरतात. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा असा भरगच्च असतो. आपण वर्षातून एकदाच येणार असाल, तर तो आठवडा निवडा.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ 1998 पासून आहे आणि त्याचे मुख्यालय खानापूर रस्त्यावर मच्छे येथे आहे. ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची जयंती 15 सप्टेंबरला, अभियंता दिन म्हणून साजरी होते. त्या दिवसांत बेळगावचा पाऊस अजून सरलेला नसतो, म्हणून आपणास त्यासाठी येण्याचा आग्रह मी करणार नाही. नोव्हेंबरच्या 19 ते 25 तारखांना जागतिक वारसा सप्ताह असतो आणि इतिहासाचे व पुरातत्त्वाचे विभाग त्या निमित्ताने काहीतरी मांडतात. हवा कोरडी, दिवस सौम्य. वयस्क माणसासाठी हा काळ मला उत्तम वाटतो. डिसेंबरमध्ये सुवर्णविधानसौधात राज्य विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा शहरातील निवासाच्या खोल्या भरलेल्या असतात, वाहतूक ठिकठिकाणी वळवलेली असते आणि सभागृहेही सहज मिळत नाहीत, त्यामुळे ते दिवस सोडून द्यावेत. 1 नोव्हेंबरलाही कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकांमुळे शहरातून वाट काढणे कठीण जाते. सत्रपरीक्षांच्या काळात परिसर शांत असतो. त्याउलट आर्थिक वर्ष संपत आल्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अनुदानातून होणाऱ्या चर्चासत्रांची एकच दाटी होते. त्या दाटीत काही घाईने उरकलेले असते, आणि काही अतिशय चांगलेही असते. विषय नेमका आहे की ढोबळ, हे पत्रिकेवर पाहावे. ‘साहित्य आणि समाज’ अशा विषयापेक्षा एखाद्या गावच्या शिलालेखावरचे व्याख्यान मी नेहमी निवडतो.

आता बातमी आधी कळण्याविषयी. विभागाच्या कार्यालयाला आपले नाव, पत्ता आणि आवडीचा विषय कळवणारे एक साधे पोस्टकार्ड लिहावे. असे पत्र क्वचितच येते, त्यामुळे ते लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे. एका विभागाच्या सेवकाने माझ्या ओळखीच्या एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवले होते आणि दर कार्यक्रमाआधी तो त्यांना न चुकता दूरध्वनी करीत असे.

आणखी एक सुचवतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर आहे. तेथील शिवाजी विद्यापीठात, जे 1962 साली स्थापन झाले, वि. स. खांडेकर यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या या लेखकाच्या वस्तू आणि कागदपत्रे पाहण्यासाठी पत्रिकेची वाट पाहावी लागत नाही. सुट्टीचा वार टाळला की झाले. शिक्षकाला तेथे बराच वेळ रेंगाळावेसे वाटेल.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला एका विद्यापीठातील ऐतिहासिक प्रदर्शनाला घेऊन गेले. दहा मिनिटांत सगळी दालने संपली आणि तो ‘आता काय?’ म्हणाला. मलाही सांगता येईना. प्रदर्शन कसे पाहावे, हे कोणी शिकवते का? (एक गृहिणी, खानापूर)

उत्तर : शिकवत नाही, आणि ही मोठी उणीव आहे. बहुतेक ठिकाणी वस्तूखाली नाव, काळ आणि सापडल्याचे गाव एवढेच लिहिलेले असते, आणि दहा वर्षांच्या मुलाला त्यातून काहीच दिसत नाही. तुम्ही त्याला नेलेत हेच फार चांगले केलेत. पुढच्या वेळी सगळी दालने पाहायची नाहीत, असे घरूनच ठरवून निघा. एकच वस्तू निवडा आणि तिच्यासमोर पाव तास थांबा.

तुम्ही खानापूरच्या आहात म्हणून उदाहरण तुमच्याच तालुक्याचे घेतो. हलशी हे गाव तुम्ही पाहिले असेल. भूवराह नरसिंहाच्या देवळासाठी लोक तेथे जातात. त्याचे प्राचीन नाव पलाशिका, आणि कदंब राजांच्या काळात ते महत्त्वाचे ठाणे होते. एकोणिसाव्या शतकात तेथे कदंबांचे ताम्रपट सापडले आणि जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांत जैन मंदिरांना दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. आता असा एखादा ताम्रपट, किंवा त्याची प्रतिकृती, प्रदर्शनात दिसली, तर मुलाला अक्षरे वाचायला सांगू नका. त्याला आधी पत्रे मोजायला सांगा. मग विचारा की त्यांना भोक कशासाठी पाडले आहे. त्या भोकातून एक कडी ओवलेली असते आणि कडीच्या सांध्यावर राजाची मुद्रा ठोकलेली असते. कडी तोडल्याशिवाय मधला पत्रा बदलता येत नाही, म्हणजे दानपत्रात कोणी लबाडी करू नये याची ती तजवीज आहे. मग पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू दाखवा. ती बहुधा कोरी असते. का? तिच्यावर लिहिले तर घासून अक्षरे जातील म्हणून. अनेक पत्र्यांच्या कडाही किंचित उचललेल्या असतात, म्हणजे एकावर एक ठेवले तरी मजकुराला मजकूर लागत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या तांबटाने ही काळजी घेतली म्हणून आज ते वाचता येतात. एवढे कळलेले मूल पुढच्या दालनात आपोआप प्रश्न विचारू लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मोडी कागदपत्रांचे प्रदर्शन असेल तर आणखी सोपे जाते. आपला जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता आणि जुन्या घरांतून मोडीतली खाती, गहाणखते, पत्रे अजून निघतात. कारकून आधी पानभर डोक्यावरची रेघ आखून घेई आणि मग तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे ओढत जाई. मुलाच्या हाती पेन द्या आणि त्याचे नाव न थांबता एका ओढीत लिहायला सांगा. ते करताना अक्षरे कशी वळतात, हे त्याच्या बोटांनाच समजेल.

धारवाडला गेलात, तर कर्नाटक विद्यापीठाच्या परिसरात 1939 साली सुरू झालेली कन्नड संशोधन संस्था आहे आणि तिचे संग्रहालयही आहे. शिल्पे आणि शिलालेख जवळून पाहता येतात. चित्रांसाठी विद्यापीठाबाहेर, टिळकवाडीत, के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे. रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार ज्यांच्या हाताखाली घडला, त्या शिक्षकाचे नाव मुलाला सांगा. बाकी चित्रांपुढे फार बोलू नये. त्याला हवे तितका वेळ उभे राहू द्यावे.

प्रश्न : निमंत्रणपत्रिका नसताना आत जाता येते का? प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षक विचारतात आणि परत फिरावे लागते. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : खुल्या व्याख्यानाला आणि प्रदर्शनाला सामान्यतः येते. पदवीदान समारंभाला येत नाही, कारण तेथे आसने ठरलेली असतात. चर्चासत्राला बहुधा नोंदणी आणि शुल्क असते, तरी बीजभाषण ऐकू देण्याची विनंती केल्यास संयोजक सहसा नाही म्हणत नाहीत. रक्षकाचे काम विचारण्याचे आहे. त्याला कार्यक्रमाचे नाव, विभाग आणि सभागृह या तीन गोष्टी सांगितल्या की त्याचेही समाधान होते. ओळखपत्र बरोबर असू द्यावे. मी स्वतः एकदा एका शिक्षणसंस्थेच्या फाटकावरून परत आलो आहे. आत ज्यांचे व्याख्यान होते त्यांचे सगळे लेखन मी वाचलेले होते, पण विभागाचे नाव मला सांगता आले नाही. ते वक्ते पुन्हा आपल्या भागात आले नाहीत आणि ती हळहळ अजून आहे. तेव्हापासून मी पत्रिकेची नक्कल खिशात ठेवतो.

कार्यक्रमाच्या आरंभी नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचे राज्यगीत, होते. त्या वेळी सर्व उभे राहतात, आपणही शांतपणे उभे राहावे. आपण पाहुणे म्हणून गेलेले असतो आणि यजमानाच्या घरची रीत पाळणे ही आपलीच शिकवण आहे.

प्रश्न : आमच्या गावात भजनी मंडळ आहे, मी पेटी वाजवतो. विद्यापीठात किंवा शहरातील सभागृहात शास्त्रीय गायन असते तेव्हा जावेसे वाटते, पण जाणकारांत जाऊन बसायला संकोच होतो. दाद केव्हा द्यायची हेही कळत नाही. (एक शेतकरी, येळ्ळूर)

उत्तर : पेटीवर ज्याची बोटे फिरतात त्याने संकोच कशाचा करायचा? सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांना षड्ज कोठे आहे हे शोधावे लागते, तुम्हाला तो ऐकताक्षणी सापडतो. ज्या वाद्याला आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके आपल्या दारात उभे केले नाही, त्या पेटीला बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर मानाने वाजवले आणि शिकवले. तुमच्या भागाची ही परंपरा आहे. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली येथून जवळच्या सुळेभावी गावचा. गंगूबाई हनगळ त्याच वर्षी, महात्मा गांधी अध्यक्ष असलेल्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात लहानपणी गायल्या होत्या, आणि पुढे त्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात संगीताच्या मानद प्राध्यापक झाल्या. विद्यापीठाच्या व्यासपीठावर जे गाणे येते ते असे आपल्याच शिवारातून गेलेले आहे.

कार्यक्रमाला अर्धा तास आधी जा आणि पुढच्या बाजूला, तंबोरे दिसतील असे बसा. तंबोरा लावताना पाहणे हे अर्धे शिक्षण असते. घोडीवर तारेच्या खाली एक सुताचा बारीक धागा असतो. वादक तो केसभर पुढे-मागे सरकवतो आणि अचानक कोरडी वाजणारी तार गुंजू लागते. तीच जवारी. पहिली तार रागाप्रमाणे पंचमात किंवा मध्यमात, मधली जोडी षड्जात आणि शेवटची खर्जात. ती चार तारांची फेरी कानात बसली की पुढे गायक कोणत्या सुरावर थांबतो आणि कोठून निघतो, ते तुम्हाला पेटीच्या पट्ट्यांसारखे दिसू लागेल.

दाद देण्याचे काही नियम नाहीत. भजनात पखवाजाची सम आली की तुमची मान जशी आपोआप हलते, तशीच येथेही हलेल. विलंबित ख्यालात सम फार सावकाश येते एवढाच फरक आहे, म्हणून आरंभी तबल्याकडे लक्ष ठेवावे आणि मुखडा उचलला की हाताने मात्रा मोजाव्यात. टाळ्या रचना संपल्यावर वाजवाव्यात. मधे ‘वाहवा’ निघाली तर निघू द्यावी; ती मनातून आलेली असली की कोणाला खटकत नाही. भीमसेन जोशी हे कन्नडभाषक गायक कन्नड भक्तिपदांइतक्याच तन्मयतेने मराठी अभंगही गात असत. असे अभंग सुरू झाले की जाणकार म्हणून सभागृहाने तुमच्याकडे पाहावे, इतका तुमचा त्यावर अधिकार आहे. मंडळातल्या आणखी दोघा-तिघांना बरोबर घ्या. परतीच्या वडापमध्ये जी चर्चा होते ती पुन्हा गाणे ऐकल्यासारखीच असते.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आम्ही विद्यापीठाच्या सहकार्याने व्याख्याने ठेवतो, मराठीत पत्रिका काढतो, तरी बाहेरचे श्रोते येत नाहीत. विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून आणून बसवावे लागते. आमचे काय चुकते? (एक अध्यापक, बेळगाव)

उत्तर : श्रोते नाहीत असे म्हणता येणार नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी या गावांतील साहित्य संमेलनांना माणसे बायकामुलांसह येतात आणि दुपारच्या उन्हात मांडवाखाली बसून कथाकथन ऐकतात. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचे आहे आणि व्याख्यानमाला ऐकण्याची सवय या शहराला पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीच माणसे तुमच्याकडे का येत नाहीत, याचे उत्तर तुमच्या पत्रिकेत शोधू.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या पत्रिकेवर वेळ सकाळी साडेदहाची आहे आणि वार मंगळवार. त्या वेळी शेतकरी रानात, नोकरदार कामावर आणि दुकानदार गल्ल्यावर असतो. संमेलने रविवारी होतात, हे लक्षात घ्या. शनिवारी दुपारी चारची वेळ ठेवून पाहा. पत्रिकेवर अकरा मान्यवरांची नावे आहेत, वक्त्याचे नाव सहाव्या ओळीत आणि विषय त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत. विषय सर्वांत वर, मोठा घ्यावा आणि वक्त्याने त्यावर काय काम केले आहे ते एका ओळीत सांगावे. व्याख्यान कोणत्या भाषेत आहे, हे आपल्या भागात तरी लिहायलाच हवे. ते न कळल्यामुळे मराठी माणूसही थांबतो आणि कन्नड माणूसही. स्वागत, सत्कार आणि प्रास्ताविक यांत मिळून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ जाऊ देऊ नका. दोन गाड्या बदलून आलेला श्रोता पहिली पाऊणशे मिनिटे हारतुरे पाहत बसला, तर तो पुन्हा येत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

पत्रिका वृत्तपत्राकडे पाठवता तशी ती गावोगावच्या वाचनालयांना, भजनी मंडळांना आणि माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनाही आठ दिवस आधी पाठवा. आणि कार्यक्रम किती वाजता संपणार ते स्पष्ट छापा. त्याच्याखाली खानापूरकडे, निपाणीकडे आणि चंदगडकडे त्यानंतर सुटणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा आगारातून विचारून घेऊन लिहा. परतीची गाडी मिळणार याची खात्री झालेला माणूस प्रश्नोत्तरे संपेपर्यंत बसतो.